वेल मे महिन्यात बघावी: परसातल्या ताटीच्या नोंदी

21 एप्रिल 2024, रविवार

वही आजपासून. कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे खर्चावरून वाद झाला तर दाखवता येईल.

मागच्या गल्लीपलीकडचा जुना बंगला पाडून सात मजली इमारत झाली. पाडव्याला तिथे पहिली बिऱ्हाडं आली आणि त्या दिवसापासून सासूबाईंनी परसात बसणं सोडलं. गेली वीस वर्षं दुपारचा चहा, भाजी निवडणं, फोनवर बहिणीशी गप्पा, सगळं मागच्या खुर्चीत चालायचं. "ते काही तुमच्याकडे बघत नसतील हो," मी म्हटलं. "नसतील बघत. पण मला सारखं वर बघावं लागतं ना," त्या म्हणाल्या. यावर काय बोलणार?

भिंत वाढवायची तर परवानगी आणि खर्च. पत्रा पश्चिमेच्या उन्हात तापून परसाची भट्टी करेल. हिरवी शेडनेट लावली तर आमच्याकडेच बांधकाम चालू आहे असं वाटेल. म्हणून वेल, आणि वेलीसाठी ताटी.

अट एकच. आम्ही दोघंही नोकरी करणारे, मिळतो तो रविवार. एकदा मूळ धरल्यावर वेलीला महिन्याकाठी एक तासापेक्षा जास्त देणार नाही. मिनिटं इथे टिपणार.

28 एप्रिल, रविवार

ताटी किती उंच, हा पहिला प्रश्न. मुलाच्या भूमितीतल्या समरूप त्रिकोणांचा आज उपयोग झाला. समोरच्या गॅलऱ्या आमच्या भिंतीपासून 35 फुटांवर. खाली पार्किंग, वर मजल्याला दहा फूट, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 35 फुटांवर. खुर्चीत बसलेल्या सासूबाईंचं डोकं 4 फुटांवर. खुर्ची भिंतीपासून 6 फुटांवर असते. हिशेब मांडला तर ताटी साडेआठ फूट हवी.

नवऱ्याने नुसती खुर्ची पुढे सरकवली. भिंतीपासून 4 फुटांवर आणल्यावर उत्तर सव्वासात फूट आलं. खुर्ची दोन फूट सरकवून लोखंड वाचलं. 8 फूट उंची ठरवली, लांबी 16 फूट. चौथ्या मजल्यापासून वरच्यांना दिसेल. दिसू दे. तिथून मेथी निवडतायत की पालक, हे काही कळणार नाही.

याच मापातून आणखी एक गोष्ट सुटली. बऱ्याच वेली बुडाशी उघड्या पडतात आणि सगळं पान वर जातं. लोक त्यासाठी त्यांना नावं ठेवतात. आमची भिंत 5 फूट, तिने खालचं झाकलंय. आम्हाला पान हवं ते पाच ते आठ फुटांच्या पट्ट्यात. म्हणजे वेलीची ती खोड आम्हाला चालणारी आहे.

13 मे, सोमवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आले आणि वही घेऊन कॉलनीतल्या वेली बघत फिरले. नर्सरीत जुलैत गेलं की प्रत्येक वेल हिरवीगार दिसते. जुलैत विजेचा खांबसुद्धा हिरवा दिसतो. पडदा खरा लागतो तो उन्हाळ्यात, सासूबाई बाहेर बसतात तेव्हा. म्हणून प्रश्न एकच घेतला: ही वेल आज, मेच्या उन्हात, कशी आहे?

गुळवेल, कोपऱ्यावरचं घर. हिवाळ्यात पानं झडल्यावर नुसते दोरखंड लोंबत होते, ते आता कुठे फुटायला लागलेत. औषधी वगैरे ठीक, पडदा म्हणून बाद.

बोगनवेल, तीन ठिकाणी. पाणी नसतानाही झगझगीत रंग. "देखभाल नको ना, मग बोगनवेल," हे तीन जणांनी सांगितलं. पण ती आपण होऊन चढत नाही. तिला तणावे नाहीत आणि ती आधाराला वेढेही घेत नाही. आपण बांधायची, ती मोकळी सुटून रस्त्यावर झुकणार, मग आपण कापायची. काट्यांसकट. आणि खुर्ची चार फुटांवर. नको. खालचा कागदी कचरा झाडणाऱ्या बाईंचं मतही ऐकून घेतलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मधुमालती, शेजारच्या सोसायटीचं फाटक. पानं दाट, फुलं भरघोस. संध्याकाळी पांढरं उमलणारं फूल पुढच्या दोन-तीन दिवसांत गुलाबी होऊन लाल होतं, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग. सासूबाईंचं मत इथेच. मी वॉचमनकाकांना विचारलं, किती कापता? "पावसात पंधरा दिवसांनी. नाही कापली तर फाटक लागत नाही. आणि मुळातून फुटवे येतात ते वेगळेच." महिन्याला दोन छाटण्या म्हणजे आमचा तास तिथेच संपला.

कृष्णकमळ, मैत्रिणीकडे. पानांपेक्षा काटेरी केसांच्या अळ्या जास्त. तांबूस पंखांचं जे छोटं फुलपाखरू बागेत संथ उडत असतं, त्याच्या अळ्या या वेलीवर वाढतात. मैत्रीण अळ्या मारत नाही, वेल पुन्हा फुटते म्हणते. फुटतेही. पण मधले दोन-तीन आठवडे नुसत्या काड्या.

संक्रांतवेल, डॉक्टरांच्या बंगल्याच्या गॅरेजवर. जानेवारीत केशरी फुलांनी छप्पर दिसेनासं होतं. आत्ताही हिरवी आहे. पण खालून बघितलं तर वाळलेल्या काड्यांची हातभर जाड गादी आणि तिच्या वजनाने वाकलेला पत्रा. आमची ताटी वाऱ्यात उभी राहणार, तिच्यावर हे ओझं नको.

लसूणवेल, बंद घराच्या कुंपणावर. इथे थांबले. मालक परदेशी, नळ बंद, आठवड्यातून एकदा कुणीतरी पाणी घालतं म्हणे. तरी पानं जाड, गडद आणि धुळकट. भिंतीवरच्या पट्ट्यात आरपार दिसत नव्हतं. फूल एकही नाही. एक पान चुरडून बघितलं. फोडणीत लसूण पडावा तसा वास, आणि घरी येऊन हात धुतल्यावरही गेला नाही.

19 मे, रविवार

पुण्याहून सोलापूर रस्त्याने सोरतापवाडीकडच्या नर्सऱ्या. चार पालथ्या घातल्या. इंटरनेटवर बघितलेल्या क्लेमॅटिस आणि विस्टेरियाचं नाव काढल्यावर पहिल्या नर्सरीतले काका हसले, "ताई, त्या थंडीतल्या. इथे मेमध्ये तुम्ही रडाल आणि त्याही." मग आम्हाला कमी मेंटेनन्सवालं काहीतरी द्या, म्हटलं. "प्लास्टिकची घ्या."

काका भले माणूस. कर्टन क्रीपर दाखवला, पडद्यासारखा सुंदर लोंबतो. पण तो वरून खाली येतो, त्याला कुंडी वर ठेवावी लागते आणि आमच्याकडे वर फक्त आकाश. भिंतीला चिकटणारा फायकस दाखवला, तो गिलाव्यात मुळं घालतो. पिवळ्या अलामंडाचा चीक त्वचेला त्रास देतो, म्हणून तो मीच नको म्हटला.

लसूणवेल मागितल्यावर म्हणाले, "पहिलं वर्ष काहीच करणार नाही ती. लोक कंटाळून उपटतात." हे ऐकून उलट विश्वास बसला. तीन रोपं, प्रत्येकी 180 रुपये. नवरा फुलं आलेलं पाच फुटी रोप उचलत होता. काकांनी ते बाजूला ठेवून बुडातून तीन फांद्या फुटलेली बुटकी रोपं काढली आणि पिशव्यांची बुडं दाखवली. उंच रोपाची मुळं पिशवीतच गोल गोल फिरून जाळं झाली होती.

सासूबाईंसाठी एक जुई घेतली. मधुमालती नाही म्हटल्यावर निदान वास तरी हवा, ही तडजोड. शिवाय पहिल्या वर्षाची सोय म्हणून गोकर्णाच्या बियांचं पाकीट.

2 जून, रविवार

ताटी उभी राहिली. जस्त चढवलेल्या लोखंडी (जीआय) दीड इंची पाइपचे पाच खांब, चार-चार फुटांवर, आणि त्यावर चार इंची खणांची वेल्डेड जाळी. जाळीचं कारण असं: लसूणवेलीला पानाच्या दोन दलांच्या मधून नाजूक तणावा फुटतो. तो काडीएवढ्या जाड गोष्टीला विळखा घालतो, दीड इंची पाइप त्याच्या कवेत मावत नाही. लाकडी रुंद पट्ट्यांची ताटी फोटोत छान दिसते, पण तिच्यावर ही वेल आपल्यालाच बांधत बसावी लागली असती. ताटी भिंतीपासून एक फूट आत, म्हणजे मागे हात घालता येतो.

खांबांसाठी दीड फूट खड्डे ठरले होते. फुटाखाली बांधकामाचा जुना राडारोडा लागला. वेल्डिंगवाले दादा म्हणाले, "एक फूट बास आहे, कुठे जातंय ते." मी पण दमले होते, हो म्हटलं. खर्च मजुरीसकट 14,500.

16 जून, रविवार

मृगाचे पाऊस झालेत, माती मऊ आहे. दीड फूट लांब-रुंद-खोल असे चार खड्डे. खाली लालसर मुरूम, पहार टणकन उडते. राडारोडा काढून पोयटा, शेणखत आणि दोन-दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून खड्डे भरले. लसूणवेली पाच-पाच फुटांवर, जुई उत्तरेच्या टोकाला.

गोकर्णाच्या बिया काल रात्री भिजत घातल्या होत्या. कवच टणक असतं, न भिजवता टाकल्या तर महिनाभर वाट बघायला लावतात. फुगलेल्या तेवढ्या लसूणवेलींच्या मधल्या जागांत टोचल्या. विचार असा की वर्षभर गोकर्ण पडदा धरेल आणि तोवर लसूणवेल पाय रोवेल. वेळ: 4 तास. हा उभारणीचा, हिशेबात धरायचा नाही.

25 जुलै, गुरुवार

काल रात्रभर पाऊस. सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, लोकांना बोटीने काढलं. तिथल्या सहकाऱ्याचा फोन लागत नव्हता, दुपारी लागला. ठीक आहेत.

त्यापुढे माझी तक्रार क्षुल्लक, पण वही तिचीच आहे. दक्षिणेकडचा शेवटचा खांब वीतभर कलला. एक फूट बास नव्हतं. आणि चारही आळी तुडुंब. मुरमात खड्डा खणून त्यात मऊ माती भरली, म्हणजे आपण बादली तयार केली. कडेचा मुरूम पाणी सोडत नाही, आजूबाजूचं सगळं पाणी मऊ जागेत येऊन बसतं.

4 ऑगस्ट, रविवार

मधली लसूणवेल गेली. पानं पिवळी पडून देठासकट गळली. उपटून बघितली तर मुळं काळी, बोटाने साल निघून येते. वेलीचा दोष नाही. नवीन रोप आणलं आणि या वेळी जमिनीच्या वर वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावलं. बाकीच्या आळ्यांपासून भिंतीतल्या पाणी जायच्या भोकापर्यंत पहारीने चर काढला. हे जूनमध्येच करायला हवं होतं.

कललेला खांब सरळ करून लोखंडी पट्टीने भिंतीला पकडला. मग बाकीचेही पकडून टाकले. पानांनी भरलेली ताटी वाऱ्यात शिडासारखी ओढते, आत्ता तर ती जवळजवळ मोकळी होती. वेळ: 3 तास, 10 मिनिटं.

7 सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. गोकर्ण ताटीच्या वरच्या पाइपला पोचला, निळा पडदा झालाय. सासूबाई रोज पंधरा-वीस फुलं काढतात. खुर्ची पाच महिन्यांनी बाहेर आली. घरातले सगळे खूश, मी पण. लसूणवेल तशीच, गुडघाभर.

जुई मात्र संध्याकाळी अशी दरवळते की मधुमालतीचं नाव पंधरा दिवसांत निघालेलं नाही.

20 ऑक्टोबर, रविवार

चूक सापडली. लसूणवेल का वाढत नाही म्हणून आज गोकर्णाच्या गुंत्यात हात घातला. उत्तरेच्या रोपाला गोकर्णाने बुडापासून शेंड्यापर्यंत पीळ घातलेला, सुती दोऱ्याने पेन गुंडाळावं तसा. आतली पानं अंधारात फिकट. तणावे बिचारे जाळीऐवजी गोकर्णालाच धरून बसलेले. ज्याला सोबत म्हणून लावलं त्यानेच गळा धरला.

ओढलं तर लसूणवेलीचे शेंडे मोडतात. मग छोट्या कात्रीने गोकर्णाची प्रत्येक वेढी बोटभर तुकड्यांत कापत बसले. तुकडे लगेच सोडवायचे नाहीत. दोन दिवस वाळू द्यायचे, मग आपोआप गळतात. तीन ताटं भरून तुकडे. सासूबाई शेंगांमधल्या बिया काढून घेत होत्या आणि मला ऐकवत होत्या, "चांगली फुलत होती गं." वेळ: 2 तास, 40 मिनिटं.

पुन्हा कुणी विचारलं तर सांगेन: भरतीची वेल लावा, पण मुख्य वेलीपासून दोन हात दूर, आणि दर रविवारी तिचा शेंडा बाजूला वळवा.

मोकळ्या झालेल्या फांद्या पंख्यासारख्या पसरून जाळीला बांधल्या. सरळ वर सोडल्या तर सगळ्या शेंड्याकडे पळतात, आडव्या वळवल्या की डोळ्याडोळ्यातून फुटतात. बांधायला सासूबाईंच्या जुन्या सुती पातळाच्या पट्ट्या, आठच्या आकड्यात, सैल. प्लास्टिकचे टाय खोड जाड झाल्यावर रुततात.

10 नोव्हेंबर, रविवार

दक्षिणेच्या वेलीला एक घोस. आज उमललेली फुलं जांभळी, कालची फिकी, परवाची जवळजवळ पांढरी. मुलाला आधी वाटलं तीन वेगवेगळ्या जातींच्या वेली आहेत. लसणीचा वास नुसत्या फुलाला आला नाही, पान चुरडलं की येतो, म्हणून सासूबाईंनी तो घोस देवाला वाहायला नेला. पान लागलं नाही ना, हे चारदा बघून.

16 फेब्रुवारी 2025, रविवार

थंडीत पान झडलं नाही. वाढ थांबली होती, आता कोवळे तांबूस शेंडे निघतायत. जुईच्या शेंड्यावर पिठ्या ढेकूण, कापसासारखे पांढरे पुंजके. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारणी. लसूणवेलीला त्यांनी हात लावलेला नाही. वेळ: महिन्यात 25 मिनिटं.

आज सासूबाई म्हणाल्या की उत्तरेच्या टोकाला, भिंतीच्या वर, वीतभर खिडकी ठेव. कशाला? भाजीवाल्याची गाडी आली की उभं राहून दिसायला हवी. "त्यांनी मला बघू नये म्हणून पडदा घातलाय. मी कुणाला बघायचं नाही असं कुठे ठरलंय?" तिथली फांदी वळवून बांधली. खिडकी झाली.

6 एप्रिल, रविवार

रामनवमी. ऊन चढलंय. गेल्या महिन्यात बसवलेली ठिबक चालू केली: वेलीला दोन ड्रिपर, ताशी चार लिटरचे, एक दिवसाआड पाऊण तास, म्हणजे वेलीला 6 लिटर. मुळाशी चार बोटं सुक्या पानांचं आच्छादन. पश्चिमेच्या उन्हात पाइप दुपारी हात लावू देत नाही आणि त्याला टेकलेले कोवळे शेंडे करपतात, म्हणून वरच्या आडव्या पाइपला सुतळी गुंडाळली. सुतळीवर तणावेही चांगले धरतात, हे आधी सुचलं नव्हतं.

मोजणी: पाच ते आठ फुटांच्या पट्ट्यात मुलाने जाळीचे खण मोजले. साधारण दोन तृतीयांश झाकलेत. मधला भाग, म्हणजे ऑगस्टमधलं रोप, मागे आहे. छाटणी नाही. ही वेल नव्या फुटीवर फुलते, कात्री फुलोऱ्यानंतर लावायची. वेळ: 1 तास, 15 मिनिटं, सुतळीमुळे. मर्यादा मोडली.

26 मे, सोमवार

गेल्या वर्षीच्या 13 मेपासून मी या महिन्याची वाट बघत होते. बंद घराच्या कुंपणावर जी परीक्षा घेतली, तीच आपल्या वेलीची घ्यायची होती: कडक मे, कमी पाणी, पान टिकतं का. आणि यंदा मेच्या विसाव्या दिवसापासूनच पाऊस. आज तर मान्सून पुण्यात पोचल्याचं जाहीर झालं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येणारा पाहुणा मेमध्येच दारात. परीक्षाच रद्द.

चर मोकळे केले, आळ्यात पाणी साठलेलं नाही. पट्टा तीन चतुर्थांश भरलाय, मधली वेल अजून मागे. ठिबकचा नळ बंद केला. सासूबाईंची खुर्ची आत घेतली, तिच्या पायांच्या जागी मुलाने फरशीवर खडूने खुणा केल्या होत्या त्या पावसाने पुसल्या. परत आखायच्या.

वेळ: महिन्यात 20 मिनिटं. पुढची पाहणी मे 2026.